बरे झाल्यानंतरचे पथ्य

गेल्या महिन्यात खोपोलीत आपल्या कार्यकर्त्यांची बैठक होती. विषय शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जातपडताळणीचा होता. बैठक संपल्यावर सगळे चहाला बाहेर पडले. एक तरुण मात्र खुर्च्या उचलायच्या निमित्ताने मागे राहिला. खुर्च्या लावून झाल्यावर त्याने बॅगेतून बोटभर उंचीची काचेची बाटली काढली आणि म्हणाला, "भाई, हे हलाल आहे का, तेवढं सांगा."

बाटलीवर गांजाच्या पानाचे चित्र होते. मग त्याने सगळी हकीकत सांगितली. तो खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो. दीड वर्षापूर्वी त्याची झोप उडाली, जेवण तुटले, कामावर जाणे बंद झाले. घरच्यांनी आधी दर्ग्यावर नेले, मग पनवेलच्या डॉक्टरांकडे. निदान नैराश्याचे झाले. गोळ्या सुरू झाल्या, काही महिने थेरपी झाली आणि पोरगा सावरला. कामावर परत रुजू झाला. थेरपी संपली, गोळ्या संपत आल्या. अशा वेळी एका मित्राने सांगितले, की आता ‘मेडिकल कॅनाबिस’ घे, रात्री जिभेखाली दोन थेंब टाकले की डिप्रेशन परत येत नाही, परदेशात तर डॉक्टरच लिहून देतात.

मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. त्याने विचारले होते हलाल-हरामबद्दल, पण त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न वेगळा होता. हे पुन्हा येईल का, असे त्याला विचारायचे होते. ही भीती मला ओळखीची आहे. म्हणून त्याच्या परवानगीने, त्याची ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, हे संपादकीय लिहितो आहे. त्याच्यासारखे वाचक आपल्याकडे बरेच असणार याची मला खात्री आहे.

आजार उलटतो

मुदतीच्या तापाबद्दल घरातली जुनी माणसे एक गोष्ट बजावून सांगायची. ताप उतरला म्हणून पथ्य सोडू नका, ताप उलटतो. उलटलेला ताप पहिल्यापेक्षा वाईट, हेही सांगायची. नैराश्याच्या बाबतीत हे शहाणपण आपण वापरत नाही. माणूस कामावर जाऊ लागला, हसू लागला, की घरच्यांच्या लेखी विषय संपतो. डॉक्टरांची फाइल कपाटाच्या तळाशी जाते. काही घरांत तर लगेच स्थळे पाहायला सुरुवात होते, कारण लग्न झाले की उरलेसुरले बरे होईल असा समज आहे.

प्रत्यक्षात नैराश्य हा उलटणारा आजार आहे. एकदा तो येऊन गेला, की साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात पुन्हा कधीतरी येतो. दोनदा, तीनदा येऊन गेला असेल तर शक्यता आणखी वाढते. यात माणसाचा दोष नाही आणि त्याच्या ईमानाची कमतरता तर नाहीच. मधुमेह किंवा दम्यासारखा, लक्ष ठेवावे लागणारा हा आजार आहे.

मी हे स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी उपचारांनी मी बरा झालो. त्यानंतर रमजान आला. रोजे सुरू झाले तशा मी कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. घरी सांगितले, की रोज्यात गोळी कशी घेणार. माझी गोळी तर रात्रीची होती. मनातले कारण असे होते, की इतकी इबादत चालू असताना आपल्याला गोळीची गरज का पडावी, याची लाज वाटत होती. ईद चांगली गेली. बकरी ईदपर्यंत मी पुन्हा अंथरुणात होतो. दुसरी खेप जास्त अवघड गेली, कारण या वेळी ‘हे बरे होते’ यावरचा भरवसाही गेला होता.

म्हणून त्या तरुणाची भीती मी हसण्यावारी नेत नाही. आजार उलटू नये म्हणून काहीतरी करावे, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की ते काहीतरी म्हणजे ही बाटली आहे का?

बाटलीत काय आहे

गांजाच्या झाडात शंभरहून अधिक प्रकारची कॅनाबिनॉइड द्रव्ये असतात. त्यातली दोन महत्त्वाची. टीएचसीमुळे नशा येते. सीबीडीमुळे तशी नशा येत नाही. ‘मेडिकल कॅनाबिस’ या एकाच नावाखाली कुठे पहिले, कुठे दुसरे, कुठे दोन्हींचे मिश्रण विकले जाते. त्यामुळे ‘कॅनाबिस चांगले की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणते द्रव्य, किती, कोणत्या आजारावर, हे आधी विचारावे लागते.

कायद्याचेही समजून घ्या. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. बिया आणि फुलोऱ्याशिवायची पाने या व्याख्येत येत नाहीत. भांग त्या कायद्याबाहेर राहिली ती यामुळे. पानांच्या अर्कापासून केलेली आयुर्वेदिक औषधे ‘विजया’ या नावाने आयुषच्या परवान्यावर विकली जातात तीही यामुळेच. पण औषधांच्या नियमांत भांगेची नोंद विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची वस्तू आहे. शिवाय महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे बंधन आहे. बाटलीत फुलोऱ्याचा किंवा राळेचा अंश निघाला, तर गोष्ट थेट एनडीपीएसमध्ये जाते. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

त्या तरुणाच्या बाटलीवर परवाना क्रमांक नव्हता, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, आत काय किती आहे तेही नव्हते. ती त्याला मित्राच्या मित्राकडून मिळाली होती.

फायदा होतो का

गांजाच्या द्रव्यांना औषधी गुण अजिबात नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. लहान मुलांच्या काही दुर्मीळ आणि हट्टी अपस्मारांवर शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीतली मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवरही अशी औषधे वापरली जातात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून वगळले, ते याच औषधी उपयोगाची दखल घेऊन. भारताने तेव्हा वगळण्याच्या बाजूने मत दिले.

पण अपस्मारावर चालणारे औषध नैराश्यावर चालेलच असे नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य, चिंता, मानसिक आघात अशा आजारांवर कॅनाबिनॉइड द्रव्यांचा उपयोग होतो असे म्हणण्याजोगा पुरावा फारच तुटपुंजा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. नैराश्याबद्दलची बहुतेक आकडेवारीसुद्धा मुळात वेदनेच्या किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवरच्या चाचण्यांतून आलेली होती. थेरपीने बरा झालेला माणूस, त्याचा आजार उलटू नये म्हणून दिलेले दोन थेंब, याचा तर त्यात प्रश्नच नव्हता. मित्राने छातीठोकपणे जे सांगितले त्याला एवढाच आधार आहे.

उलट बाजूचा पुरावा मात्र आहे, विशेषतः तरुणांबाबत. त्याच वर्षी ‘जामा सायकिअॅट्री’मध्ये ११ अभ्यासांचे, २३ हजारांहून अधिक जणांच्या माहितीचे विश्लेषण आले. किशोरवयात कॅनाबिस घेणाऱ्यांमध्ये पुढे तरुणपणी नैराश्याची शक्यता सुमारे १.४ पट आढळली. आत्महत्येच्या विचारांची शक्यता दीडपट होती. अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम पूर्णपणे सिद्ध होत नाहीत हे खरे. तरी ज्याला नैराश्य एकदा येऊन गेले आहे, त्याने हा धोका स्वतःवर तपासून का पाहावा?

आणखी तीन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली, टीएचसी नियमित घेऊन अचानक थांबवले, की काही दिवस झोप लागत नाही, चिडचिड होते, मन उदास होते. नैराश्य उलटण्याची पहिली लक्षणेही हीच. मग माणसाला वाटते, तेल सोडले म्हणून आजार आला, आणि तो पुन्हा तेलाकडे वळतो. दुसरी, सीबीडी यकृतातली काही एन्झाइम्स रोखते. त्यामुळे नैराश्यावरच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकत्र घेणे म्हणूनच धोक्याचे आहे. तिसरी गोष्ट थोडी जुनी आहे. मेंदूत कॅनाबिनॉइड द्रव्ये जिथे काम करतात ती केंद्रे बंद करणारे रिमोनाबांट नावाचे औषध २००६ मध्ये युरोपात वजन कमी करण्यासाठी आले. घेणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार दिसू लागले आणि २००८ मध्ये ते मागे घ्यावे लागले. म्हणजे मेंदूतल्या या यंत्रणेचा मनःस्थितीशी संबंध आहे. शास्त्रज्ञ त्यावर संशोधन करतात ते योग्यच आहे. पण जिथे प्रयोगशाळेतली माणसे इतकी जपून चालतात, तिथे आपण मित्राच्या मित्राने दिलेल्या बाटलीवर मन सोपवू नये.

हलाल-हरामचा प्रश्न

आता त्याने विचारलेला प्रश्न. मी आलिम नाही आणि फतवा देणे आपल्या चळवळीचे कामही नाही. पण आपल्या परंपरेत यावर भरपूर चर्चा झालेली आहे, ती माहीत असावी. हशीशवर मध्ययुगात मोठा वाद झाला. इब्न तैमियांनी ती कडकपणे हराम ठरवली. आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच शाफई असलेले इजिप्तचे विद्वान जरकशी यांनी चौदाव्या शतकात या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. नशा आणणारी वस्तू निषिद्ध, हे सगळ्यांना मान्य. औषध म्हणून नाइलाज असेल तर सवलत, यावर मतमतांतरे आहेत. जे सवलत मानतात तेही अटी घालतात. भरवशाच्या वैद्याने सांगितलेले असावे, त्याने गुण येतो हे माहीत असावे आणि दुसरा जायज उपाय नसावा.

या अटी नीट वाचल्या तर उत्तर त्यातच आहे. नाइलाजाची सवलत मागण्याआधी ती वस्तू इलाज आहे हे दिसायला हवे. इथे तेच दिसत नाही, आणि दुसरे उपाय तर आहेत. कुरआनच्या सूरह बकरामध्ये दारू आणि जुगाराबद्दल बोलताना त्यांत काही फायदाही आहे हे नाकारलेले नाही. नुकसान त्याहून मोठे आहे, असे तिथे सांगितले आहे. फायदा आणि नुकसान दोन्ही तागडीत टाकून पाहायची ही रीत आपण औषधांनाही लावावी.

पण याच रीतीने दुसरी बाजूही पाहावी लागेल. आपल्या मोहल्ल्यात डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्याच्या गोळीलाही ‘नशेची गोळी’ म्हणतात. ते चूक आहे. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी नशा येत नाही. त्या अचानक बंद करू नयेत, हळूहळू कमी कराव्या लागतात, एवढे खरे. रमजानमध्ये बहुतेकांना त्या इफ्तार किंवा सहरीच्या वेळेत बसवता येतात. त्यासाठी रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटावे लागते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच आहे.

नवव्या-दहाव्या शतकात बल्ख शहरात अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर त्यांनी एकत्र ग्रंथ लिहिला. कारण असलेले दुःख आणि वरवर कारण न दिसणारी उदासी यांत त्यांनी फरक केला. माणूस जसा तब्येत चांगली असताना घरात औषधे जमवून ठेवतो, तशी मन शांत असताना चांगल्या विचारांची बेगमी करून ठेवावी, म्हणजे वाईट दिवसांत ती हाताशी येते, असे त्यांनी सुचवले. आजार उलटू नये म्हणून बरे असतानाच तयारी करण्याची ही गोष्ट एका मुस्लिम विद्वानाने हजार वर्षांपूर्वी मांडली. ती आपल्या मदरशात, तकरीरीत का येत नाही?

उपयोग कशाचा होतो

आजार उलटू नये म्हणून काय करावे, यावर जगात बरेच काम झाले आहे. पहिला उपाय म्हणजे बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर गोळी चालू ठेवणे. इंग्लंडमध्ये गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्या ४७८ जणांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. हळूहळू बंद केलेल्यांमध्ये हे प्रमाण ५६ टक्के होते. या आकड्यांत दोन्ही गोष्टी आहेत. गोळीचा उपयोग होतो आणि गोळी म्हणजे हमी नव्हे. शिवाय बंद केलेल्यांपैकीही ४४ टक्के ठीक राहिले. म्हणून निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा असतो.

दुसरा उपाय म्हणजे आजार उलटू नये म्हणूनच तयार केलेली थेरपी. सजगतेवर आधारलेली अशी आठ आठवड्यांची पद्धत आहे. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते अशा ४२४ जणांवर तिची चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल आला. ही थेरपी घेऊन गोळ्या कमी करणाऱ्यांमध्ये दोन वर्षांत ४४ टक्के आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांमध्ये ४७ टक्के लोकांचा आजार उलटला. म्हणजे दोन्ही मार्ग जवळपास सारखे ठरले.

तिसरे उदाहरण शेजारच्या गोव्याचे आहे आणि ते मला सर्वांत जवळचे वाटते. ‘संगथ’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्तांवर एक चाचणी केली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसोपचाराचे आधीचे शिक्षणही त्यांना नव्हते. ती स्थानिक माणसे होती, प्रशिक्षण घेतलेली. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला पुन्हा कामाला, चालायला, माणसांत मिसळायला, अडचणी सोडवायला शिकवत. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षाने पाहिले तरी फायदा टिकलेला होता. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. कोकणी-मराठी बोलणारी, आपल्यासारखीच साधी माणसे हे करू शकली.

कर्जत-खालापुरात

आपल्याच कर्जतमध्ये याहून जवळचा धडा आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ ही संस्था सुरू केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून उपचार करायचे आणि बरे झाल्यावर देशात जिथे असेल तिथे त्यांच्या घरी पोचवायचे, हे तिचे काम. २००६ पासून कर्जतला तिचे केंद्र आहे. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणूस घरी पोचला की पुरस्कारांच्या बातमीत गोष्ट संपते. संस्थेचे काम तिथे संपत नाही. घरी गेलेल्यांना औषधे पोचत राहावीत, याची ती सोय करते. बरे होण्याइतकेच बरे राहण्याला महत्त्व आहे, हे कर्जतच्या त्या आवारात रोज पाहायला मिळते.

बाकी तालुक्यांत काय आहे? जिल्हा रुग्णालय अलिबागला. कर्जत किंवा खोपोलीहून तिथे जाऊन यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून लोक लोकल पकडून कल्याणला नाहीतर गाडीने पनवेलला जातात, तेही आजार हाताबाहेर गेल्यावर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. ज्यांना मिळतात त्यांची पुढची विचारपूस कोण करणार?

नशा मात्र दारापर्यंत आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळच्या ढेकू गावातल्या एका कारखान्यावर छापा घालून रायगड पोलिसांनी शंभर कोटींहून अधिक किमतीचे एमडी, म्हणजे मेफेड्रोन, जप्त केले. गांजा आणि एमडी या वेगळ्या वस्तू आहेत, त्यांना एका मापाने मोजू नये. पण ‘औषध’ म्हणून मित्राच्या मित्राकडून बाटली घेणाऱ्या पोराला, त्या साखळीत पुढच्या वेळी काय हातात पडेल, हे ठाऊक नसते.

याच तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. पहिल्या आठवड्यात मदतीच्या गाड्यांची रांग लागली. आपलेही कार्यकर्ते चौकला धान्य घेऊन गेले होते. पण अशा माणसांची झोप उडते ती गाड्या परत गेल्यावर, सहा महिन्यांनी, पहिला पाऊस पुन्हा येतो तेव्हा. आपल्याला पहिल्या आठवड्याची मदत जमते. नंतरची सोबत आपण अजून शिकलेलो नाही.

आपण काय करायचे

नुकत्याच बऱ्या झालेल्या तरुण-तरुणींना माझे सांगणे असे. गोळी बंद करायची असेल तर डॉक्टरांबरोबर ठरवून करा. थेरपी संपण्याच्या आधी थेरपिस्टबरोबर बसून एका कागदावर स्वतःची धोक्याची लक्षणे लिहा. कोणाची झोप आधी जाते, कोण फोन उचलणे बंद करतो, कोणी नमाजला किंवा कट्ट्यावर जाणे टाळतो. ती यादी घरातल्या एका भरवशाच्या माणसाला द्या. दोन आठवडे ती लक्षणे टिकली तर कोणाकडे जायचे, तेही त्यावर लिहा. तेल, भांग, गांजा काही घेत असाल तर डॉक्टरांना सरळ सांगा. ते तुम्हाला पोलिसांत देणार नाहीत. व्यसन लागले असेल आणि तुम्ही स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असाल, तर एनडीपीएसच्या कलम ६४-अ मध्ये खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. मरणाचे विचार येत असतील तर एकटे राहू नका, जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही टेलिमानस सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता तीव्र तणावाखालचा माणूस मानले आहे. समाजानेही तसेच मानावे.

घरच्यांना एवढेच सांगणे, की लग्न हा उपचार नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत आजार लपवून लग्न लावले, की सासरी गोळ्या लपवाव्या लागतात, मग सुटतात, आणि आजार उलटला की सगळा दोष तिच्यावर येतो. उपचार चालू असलेल्या मुलीचे पथ्य मोडायला लावणे हा तिच्यावरचा जुलूम आहे.

मशीद ट्रस्ट, महिला बचत गट आणि आपल्या शाखा यांच्याकडून मात्र मी जास्त मागणार आहे. नेरळपासून खोपोलीपर्यंत आपली पुरेशी माणसे आहेत. प्रत्येक गावात दोन जणांनी, एक पुरुष आणि एक स्त्री, समुपदेशनाचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. त्यांनी उपचार करायचे नाहीत. बऱ्या झालेल्या माणसाला वर्षभर, पंधरा दिवसांतून एकदा भेटायचे, गोळी चालू आहे का, झोप कशी आहे विचारायचे, तारखेला डॉक्टरांकडे सोबत जायचे. गुप्तता पाळायची. जकात-सदक्यातून गरजूंच्या औषधांचा आणि गाडीभाड्याचा खर्च कसा भागवता येईल, यावर इमामसाहेबांशी बोलायचे. जुम्याच्या बयानात वर्षातून दोन वेळा तरी सांगायचे, की प्रत्येक आजाराला इलाज आहे ही रसूलअल्लाहची (स.) शिकवण मनाच्या आजारालाही लागू आहे. सरकारकडेही मागायचे. उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात का, गोळ्या शिल्लक असतात का, हे विचारणारा अर्ज आपल्या शाखा या महिन्यात कर्जत आणि खालापूर दोन्ही ठिकाणी देणार आहेत.

त्या तरुणाला मी परवा फोन केला. म्हटले, हलाल-हरामचं मौलानांना विचार, पण हे औषध तुझा आजार थांबवतं असं कोणी दाखवलेलं नाही, म्हणून मी असतो तर घेतलं नसतं. तू बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना दाखव. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर रागावतील ना?" मी म्हटले, रागावले तरी जाऊ, मी येतो बरोबर. पुढच्या शुक्रवारी त्याची रात्रपाळी आहे, म्हणून जुम्यानंतर दुपारी जायचे ठरले आहे.